मुलांचे शरीराविषयीचे प्रश्न: नव्या पालकांनी काय करावे, कसे बोलावे

मूल बोलू लागले की आपल्या शरीराविषयी विचारू लागते, आणि बोलता येण्याच्या कितीतरी आधीपासून ते हातांनी आणि डोळ्यांनी आपले शरीर शोधत असते. पायाचा अंगठा तोंडात घालणारे सहा महिन्यांचे बाळ आणि "आई, मला आहे ते ताईला का नाही?" असे विचारणारे तीन वर्षांचे मूल एकाच कुतूहलाच्या दोन टप्प्यांवर असतात. पहिल्या टप्प्याचे आपण कौतुक करतो आणि दुसऱ्या टप्प्यावर मात्र गप्प बसतो, विषय बदलतो किंवा रागावतो. हा लेख पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांसाठी, नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी आणि पाळणाघरात नव्याने कामाला लागलेल्या ताईंसाठी लिहिला आहे. उत्तर किती शास्त्रशुद्ध आहे हे मूल नंतर पाहते. प्रश्न विचारल्यावर मोठ्या माणसाचा चेहरा कसा झाला हे ते आधी वाचते, आणि पुढे कधी काही दुखले, खुपले किंवा कोणी त्रास दिला तर कोणाकडे जायचे, हे त्याच्या मनात त्या चेहऱ्यांवरून ठरत जाते. खाली सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली पायरी: घरातील मोठ्यांचे एकमत

सुरुवात मोठ्यांपासून करावी. नागपुरात महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत आजही दोन-तीन पिढ्या एकत्र राहतात, तर मनीषनगर किंवा बेशाकडच्या फ्लॅटमध्ये आई-बाबा कामावर गेल्यावर मूल दिवसभर आजीजवळ किंवा पाळणाघरात असते. त्यामुळे मुलाचा प्रश्न कोणाच्या वाट्याला येईल हे सांगता येत नाही. आईने शांतपणे उत्तर द्यावे, आजीने "शी, असं बोलू नये" म्हणावे आणि मोठ्या बाबांनी तोच प्रश्न हसत हसत पाहुण्यांना ऐकवावा, असे झाले की मुलाला उत्तर कळत नाही. या विषयात काहीतरी लाजिरवाणे आहे, एवढेच कळते.

म्हणून मूल दीड-दोन वर्षांचे व्हायच्या आत एकदा सगळ्यांनी बसून बोलावे. सासूबाईंशी हा विषय काढणे अनेक सुनांना अवघड वाटते. "आई, बाळ आता सगळ्या अवयवांची नावं विचारतं. तुम्ही, मी आणि हे, तिघांनीही एकच नाव सांगू या, म्हणजे त्याचा गोंधळ होणार नाही," अशी सुरुवात केली तर कोणाला उपदेश केल्यासारखे वाटत नाही. बाबांनी या बैठकीतून सुटका करून घेऊ नये. "हे तुझ्या आईला विचार" हे वाक्य मुलगा आणि मुलगी दोघांनाही सांगते की या बाबतीत बाबांकडे जाण्यात अर्थ नाही.

पहिले वर्ष: तेल, अंघोळ आणि काही चुकीच्या समजुती

बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या बाईंचा अनुभव मोठा असतो आणि त्यांचा मान ठेवावाच, पण दोन गोष्टी त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगाव्यात. नवजात बाळाची छाती, मग तो मुलगा असो की मुलगी, आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) काही दिवस सुजलेली दिसू शकते आणि तिच्यातून दुधासारखे थेंबही येऊ शकतात. ती दाबून "दूध काढणे" धोक्याचे आहे. त्यातून जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते. काही न करता ही सूज आपोआप उतरते. दुसरी गोष्ट मुलग्यांच्या शिश्नावरील त्वचेची. ती जन्मतः आतल्या भागाला चिकटलेली असते आणि काही वर्षांत हळूहळू आपली आपण सुटते. तेल लावून ती जोराने मागे ओढली तर जखम होते आणि पुढे ती त्वचा आवळली जाते. नवजात मुलीला पहिल्या आठवड्यात योनीतून पांढरा स्राव किंवा रक्ताचे एक-दोन थेंब दिसले तर त्याचेही कारण बहुधा हीच संप्रेरके असतात. डॉक्टरांच्या कानावर मात्र घालावे.

मुलग्याचे दोन्ही वृषण अंडकोशात उतरले आहेत का, हे जन्मानंतरच्या तपासणीत पाहिले जाते. सहा महिन्यांपर्यंत ते उतरले नाहीत तर बालशल्यचिकित्सकांना दाखवण्यात उशीर करू नये.

नावे

नाक, कान, पोट शिकवतो त्याच ओघात आणि त्याच आवाजात शिश्न, वृषण, योनी, स्तन, गुदद्वार ही नावेही सांगावीत. अंघोळीची वेळ यासाठी सर्वांत सोयीची. "आता पाठ धुतली, आता पाय, आता तुझी शूची जागा, तिला योनी म्हणतात." घरातले लाडाचे नाव चालू ठेवायला हरकत नाही, पण खरे नाव मुलाला माहीत असलेच पाहिजे. तिथे आग होत असेल तर त्याला डॉक्टरांना नेमके सांगता येते, आणि कोणी नको तिथे हात लावला तर ऐकणाऱ्याला त्याचे म्हणणे चटकन समजते. घरोघरी वेगवेगळ्या असलेल्या लाडाच्या नावांनी मूल तक्रार करते, तेव्हा शिक्षिकेला ती कळतही नाही.

प्रश्न आला की काय करावे

सर्वांत जास्त अडखळायला होते ते इथे. प्रश्न कुठेही येऊ शकतो: महाराजबागेत माकडीण पिलाला पाजताना दिसली की, गावाला गाय व्यालेली पाहिली की, किंवा सीताबर्डीच्या गर्दीत एखाद्या गरोदर बाईकडे बोट दाखवून, मोठ्या आवाजात. जागा अडचणीची असेल तर "चांगला प्रश्न विचारलास, घरी गेल्यावर सांगते" असे म्हणावे आणि घरी गेल्यावर आठवणीने खरोखरच सांगावे. तो शब्द पाळला नाही तर पुढच्या वेळी मूल थांबणार नाही. ते दुसऱ्या कोणाला विचारेल किंवा मोबाईलवर शोधेल.

उत्तर देण्याआधी एक उलट प्रश्न विचारावा: "तुला काय वाटतं?" यातून मुलाच्या डोक्यात नेमके काय आहे ते कळते, आणि आपल्यालाही श्वास घ्यायला दोन क्षण मिळतात. पुष्कळदा मुलाचा प्रश्न आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच साधा असतो. "मी कुठून आलो?" असे विचारणाऱ्याला कधी कधी फक्त दवाखान्याचे नाव हवे असते, "डागा दवाखान्यात जन्मलास" एवढ्यावर त्याचे समाधान होते आणि ते खेळायला पळते.

समाधान झाले नाही तर वयाला झेपेल तेवढेच आणि खरे सांगावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला "आईच्या पोटात बाळासाठी एक वेगळी पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात, तू तिथे वाढलास" हे पुरते. "वेगळी पिशवी" हे आवर्जून सांगावे, कारण अन्न जाते त्याच पोटात बाळ असते असे समजून काही मुले घाबरतात. आपण जास्त जेवलो तर आपल्याही पोटात बाळ होईल, किंवा आईने बाळ गिळले आहे, असे त्यांना वाटत राहते. पाच-सहा वर्षांचे मूल "मग बाहेर कसं आलो?" असे विचारते. "बाईच्या शरीरात बाळ बाहेर येण्याची एक वाट असते, तिला योनी म्हणतात; कधी ती वाट सोयीची नसली तर डॉक्टर पोटावर छेद घेऊन बाळाला बाहेर काढतात," एवढे सांगावे, आणि सिझेरियन झाले असेल तर तेही सांगावे. सात-आठ वर्षांच्या मुलाला आईच्या शरीरातील एक पेशी आणि बाबांच्या शरीरातील एक पेशी एकत्र आल्यावर बाळाची सुरुवात होते, हे समजते. त्यापुढचा तपशील दहाव्या वर्षाच्या आसपास, पौगंडावस्थेची माहिती देताना, सांगता येतो.

"देवाने दिलं" किंवा "दवाखान्यातून विकत आणलं" अशी उत्तरे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विकत आणल्याचे ऐकलेले मूल धाकट्या भावाला परत देऊन यायचा हट्ट धरते, हे तर होतेच. पण खरे उत्तर बाहेरून कळते तेव्हा आईने आपल्याला खोटे सांगितले, हे त्याच्या लक्षात राहते. उत्तर माहीत नसेल तर "मलाही नीट माहीत नाही, उद्या आपण डॉक्टरांना विचारू" असे म्हणण्यात कमीपणा नाही.

मूल स्वतःच्या शरीराला हात लावते तेव्हा

दोन ते सहा वर्षांच्या अनेक मुलांचा हात झोप आली की, कंटाळा आला की किंवा टीव्ही पाहताना चड्डीत जातो. मोठ्यांच्या मनात येणारा अर्थ त्यामागे नसतो. अंगठा चोखण्यासारखीच ती स्वतःला शांत करण्याची सवय असते. हातावर मारणे, चटका द्यायची धमकी देणे, "कापून टाकीन" म्हणणे यांनी सवय सुटत नाही आणि भीती मात्र उरते.

आधी शारीरिक कारण पाहावे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा जांघेत घामोळ्या येतात, घट्ट चड्डीने त्वचा सोलवटते, पाणी कमी प्यायल्याने लघवीला जळजळ होते. रात्री गुदद्वाराजवळ खाज येत असेल तर जंत झालेले असू शकतात. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना गोळी दिली जाते, ती चुकवू नये. मुलींना शी धुताना पुढून मागे हात न्यायला शिकवावे. सुती, सैल कपडे आणि भरपूर पाणी एवढ्यानेही पुष्कळ तक्रारी थांबतात.

कारण शारीरिक नसेल तर शांतपणे जागेचा नियम सांगावा: "हे तुझं शरीर आहे, पण बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर इथे हात लावायचा नसतो," आणि हाताला दुसरे काम द्यावे. त्यावर भाषण करू नये. हे वारंवार, खेळ सोडून, दुखेपर्यंत होत असेल तरच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सुटीतली भावंडे

मे महिन्यात आजोळी मामेभावंडे, मावसभावंडे जमतात, दुपारी कूलरच्या खोलीत आणि रात्री गच्चीवर गाद्या घालून एकत्र झोपतात, आणि मोठी माणसे निवांत होतात. या दिवसांत चार-पाच वर्षांची मुले "डॉक्टर-डॉक्टर" खेळताना एकमेकांचे शरीर पाहताना आढळली तर पालक हादरतात. इथे घाईने निष्कर्ष काढू नये. मुले साधारण एकाच वयाची आहेत, खेळ दोघांच्याही मर्जीने आणि मजेत चालला होता, कोणी रडवेले किंवा घाबरलेले नाही, आणि लक्ष दुसरीकडे वळवले की खेळ सहज थांबतो, असे असेल तर ते वयानुरूप कुतूहल आहे.

खोलीत जावे, आवाज न चढवता "काय खेळताय?" असे विचारावे, कपडे घालायला सांगावे आणि "आपले आतल्या कपड्यांखालचे भाग आपण खेळात कोणाला दाखवत नाही आणि दुसऱ्याचेही पाहत नाही" हा नियम सांगून सगळ्यांना आमरस खायला किंवा अंगणात न्यावे. नंतर आपल्या मुलाशी एकट्यात बोलावे: हा खेळ कोणी सुचवला, आधी कधी खेळलात का, तुला नको वाटत होतं का. प्रश्न दोन-तीनच असावेत आणि आवाज नेहमीचा असावा. दुसऱ्या मुलाच्या आईला त्याच दिवशी, दोष न देता सांगावे: "वहिनी, मुलं असं खेळत होती, मी समजावलंय, तुम्हीही एकदा बोलून घ्या." सर्वांसमोर बोलणे काढून एखाद्या मुलाला बिघडलेला ठरवू नये, पाच वर्षांच्या मुलावर बसलेला तो शिक्का नातेवाईक वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

मुलांच्या वयात किंवा ताकदीत मोठा फरक असेल, जबरदस्ती, आमिष किंवा "कोणाला सांगू नको" असे काही असेल, मुलाला त्याच्या वयाला माहीत असू नयेत असे लैंगिक तपशील ठाऊक असतील किंवा सांगूनही वागणे थांबत नसेल, तर ते कुतूहल समजून सोडून देऊ नये. लेखाच्या शेवटच्या भागात, 'काही घडल्याचे मुलाने सांगितले तर' इथे, सांगितल्याप्रमाणे मदत घ्यावी. झोपण्याची व्यवस्था करताना लहान मुलांजवळ एखादे मोठे विश्वासाचे माणूस असावे, आणि मोठ्या वयाच्या मुलांच्या गाद्या वेगळ्या असाव्यात.

आपल्या शरीरावर आपला अधिकार

हे शिक्षण धोक्याच्या गोष्टीपासून सुरू करू नये. ते रोजच्या वागण्यातून होते. पाहुणे आले की "काकूंना पापा दे" म्हणून मुलाला पुढे ढकलण्याची आपली रीत प्रेमाची असली, तरी मूल मागे सरत असेल तर "नमस्कार कर, नाहीतर टाळी दे" असा पर्याय द्यावा. काकूंना दोन मिनिटे वाईट वाटेल. मुलाला मात्र कळेल की त्याचे "नको" आई-बाबांना ऐकू येते. गुदगुल्या करताना "बस" म्हटले की त्याच क्षणी थांबावे. पाच-सहा वर्षांपासून दार लोटून कपडे बदलण्याची आणि स्वतःच्या हाताने अंग धुण्याची सवय लावावी. अंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत. तिथून ते कुठे जातील यावर आपले नियंत्रण राहत नाही.

मग साध्या शब्दांत नियम सांगावेत. खाजगी भागांना, कपड्यांवरूनही, कोणी हात लावायचा नाही. स्वच्छतेसाठी आई-बाबा आणि तपासणीसाठी आईसमोर डॉक्टर, एवढेच अपवाद. "कपड्यांवरूनही" हे विसरू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये एका प्रकरणात कपड्यांवरून झालेला स्पर्श पॉक्सो कायद्यातील (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यातील) लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत बसत नाही असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला आणि त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला की नाही यापेक्षा त्यामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा आहे हे स्पष्ट केले. मुलाला कायदा सांगायचा नाही, पण आपल्या मनात शंका राहू देऊ नये.

वाढदिवसाची भेट लपवणे ही गंमत असते, ती काही दिवसांनी सगळ्यांना कळते. शरीराविषयीचे कोणतेही गुपित ठेवायचे नसते, मग ते ठेवायला सांगणारे माणूस घरातलेच का असेना, हाही फरक समजवावा. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांतील अभ्यासात ५३ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे सांगितले होते, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. "अनोळखी काकांबरोबर जाऊ नको" एवढ्या एका सूचनेवर विसंबून राहणे त्यामुळे पुरेसे नाही, आणि मुलगा आहे म्हणून निश्चिंत राहणेही बरोबर नाही.

पौगंडावस्थेची पूर्वतयारी

मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. मुलीला पहिली पाळी येण्याआधीच, नवव्या वर्षाच्या सुमारास, पाळी म्हणजे काय आणि पॅड कसा वापरायचा हे दाखवावे, आणि शाळेच्या दप्तरात एक ठेवून द्यावा. पहिल्यांदा रक्त पाहून आपल्याला मोठा आजार झाला असे समजून शाळेच्या स्वच्छतागृहात रडत बसण्याची वेळ कोणत्याही मुलीवर येऊ नये. मुलग्यांनाही पाळीविषयी सांगावे, आणि झोपेत वीर्य बाहेर येणे नैसर्गिक आहे हे बाबांनी किंवा मामांनी आधीच सांगून ठेवावे. मुलीमध्ये ८ वर्षांच्या आधी किंवा मुलग्यामध्ये ९ वर्षांच्या आधी हे बदल दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

काही घडल्याचे मुलाने सांगितले तर

थांबून ऐकावे. "तू मला सांगितलंस हे फार चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही" हे शब्द त्याच वेळी उच्चारावेत. खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत आणि पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये; मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. ज्याच्यावर संशय आहे त्याला स्वतः जाब विचारायला जाऊ नये. घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवावेत आणि लगेच नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. तातडीचे उपचार देण्याआधी रुग्णालयाला पोलिसांचे पत्र मागता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनी करायची असते आणि आई, बाबा किंवा मुलाच्या विश्वासाचे माणूस तिथे थांबू शकते.

मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक आहेत. महिला आणि मुलांना मदत करणारा नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षही आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल आहे, आणि असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या प्रत्येक प्रौढाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाही शिक्षापात्र गुन्हा आहे. "घराण्याची बदनामी होईल" हे कारण घरात नक्की पुढे येते, तेव्हा मुलाची ओळख उघड करणे कायद्याने मना आहे, हे वडीलधाऱ्यांना सांगावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तसे होत नसेल तर तशी मागणी करावी.

त्यानंतरच्या दिवसांत मुलाची शाळा, खेळ आणि झोपेच्या वेळा शक्य तितक्या पूर्वीसारख्या ठेवाव्यात, बालमानसतज्ज्ञांची मदत सुरू करावी, आणि नातेवाइकांनी त्याला त्या प्रसंगाविषयी विचारू नये हे घरातल्या एकाने जबाबदारी घेऊन सर्वांना आधीच सांगून ठेवावे.